न जेवणाऱ्या मुलीचे औषधपाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण. छापताना थोडा मजकूर वाढविला आहे.)



या व्यासपीठावर मी आजवर पुष्कळदा उभी राहिले आहे. तीस वर्षे मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकविले, त्यामुळे मंडळाने मला बोलाविले की विषय ठरलेलाच असे. कधी पावसाळ्यातील आहार, कधी बाळंतिणीचा आहार, कधी मोड आलेल्या कडधान्यांचे महत्त्व. यंदाही चिटणीसबाई विषय विचारायला आल्या तेव्हा त्यांनी न विचारताच वहीत 'आहार' असे लिहून घेतले. मी तो शब्द खोडायला लावला नाही. पण आज मी बोलणार आहे ते न जेवण्याविषयी, आणि ते पुस्तकातले नाही, आमच्या घरातले आहे.

माझ्या नातीला तुम्ही सगळ्याजणी ओळखता. तिला विचारल्यावाचून मी इथे उभी राहिले नसते. ती म्हणाली, "आजी, सांग. पण माझं नाव घेऊ नकोस, आणि माझं वजन किती झालं होतं तो आकडा सांगू नकोस." पहिली अट मला समजली, दुसरी समजली नाही. तेव्हा तिनेच सांगितले, की हा आजार झालेल्या मुली दुसरीचा आकडा ऐकतात आणि मनात त्याच्याशी शर्यत लावतात. म्हणून आज मी एकही वजन सांगणार नाही. कोणी नंतर विचारूही नये.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ती दहावीत होती. शाळेत तिला कोणी काही बोलले असेल, नसेलही. आधी तिने गोड सोडले. मग तूप सुटले, मग भात, मग भाकरी चतकोरावर आली. आमच्या घरी मंगळागौर होती. तुमच्यापैकी बऱ्याचजणी आल्या होत्या. चार बायकांत मीच म्हटले, "बघा आमच्या नातीचा बांधा! नाहीतर आपण!" सगळ्या हसलो. ती ताटे उचलीत होती. पुढे काही महिन्यांनी डॉक्टरबाईंसमोर तिने ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविले. माझ्यामुळे आजार झाला असे डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. हा आजार एका वाक्याने होत नाही, त्यात घराण्यातल्या रक्ताचाही वाटा असतो, स्वभावाचाही असतो, असे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितले. तरी ते वाक्य माझ्या तोंडचे होते ते होतेच.

मग उपवास सुरू झाले. शनिवार, संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार. मुलगी देवाधर्माची निघाली म्हणून आम्हाला कौतुक! उपवासाला माझा विरोध नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, एकादशीला नाही कोण म्हणेल? पण आपल्या एकादशीला भगर असते, शेंगदाण्याची आमटी असते, दुसऱ्या दिवशी पारणे असते. तिच्या एकादशीला पाण्यापलीकडे काही नसे आणि तिची द्वादशी कधी उजाडत नसे. पारणे चुकविणारी मुलगी पाहूनही मला काही सुचले नाही. गृहशास्त्राची बाई मी!

त्याच वर्षी आपल्या मंडळाने नवरात्रापासून मार्गशीर्षापर्यंत वजन उतरविण्याची स्पर्धा ठेवली होती, ती तुम्हाला आठवत असेल. परीक्षक मीच होते. दर रविवारी वजने घ्यायला आणि वहीत मांडायला कोणीतरी हुशार, नेटके अक्षर असलेले हवे होते. मी नातीला घेऊन येत असे. तिचे अक्षर खरोखरच मोत्यासारखे आहे. या वहीकडे मी शेवटी येते.

एप्रिल उजाडला. सोलापूरचा एप्रिल कसा असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया तासाभरात कडकडीत होतात. त्या उन्हात आमची मुलगी लोकरीचा स्वेटर घालून बसे. हात थंडगार. न्हाणीघरातून केसांचे पुंजके निघत. मासिक पाळी चार महिने आली नव्हती, हे सूनबाईंनी मला फार उशिरा सांगितले. आणि या सगळ्यात तिचा उत्साह तरी किती! स्वयंपाकघर तिने ताब्यात घेतले होते. शेंगाच्या पोळ्या ती माझ्याहून सुरेख करू लागली होती. कूट बारीक, गूळ बेताचा, पोळी कुठे फुटायची नाही. सगळ्यांना आग्रह करकरून वाढी. स्वतः मात्र "मी करतानाच खाल्लं" म्हणून जिना चढ-उतर करायला जाई. तासभर, रोज.

डॉक्टरांकडे गेलो नाही असे नाही. एका डॉक्टरांनी जंताचे औषध आणि टॉनिक दिले. दुसऱ्यांनी, "हल्लीच्या मुलींची फॅशन आहे, लग्न झालं की जेवतील," असे सांगून बोळवण केली. मी स्वतः मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. घरात भांडणे सुरू झाली. चिरंजीव ओरडत, सूनबाई रडत, आणि मी मधल्यामध्ये दोघांना समजावीत असे. शेवटी तिच्या शाळेतील एका बाईंनी सूनबाईंना बाजूला घेऊन सांगितले, की हे पोटाच्या डॉक्टरांचे काम नव्हे, हिला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. घरी येऊन हे सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, "त्या दवाखान्याच्या पाटीखाली आपल्याला कोणी पाहिलं तर?" मलाही आतून तेच वाटत होते, फक्त मी बोलले नव्हते.

तिथे गेल्यावर आजाराला नाव मिळाले. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. या नावाचा अर्थ मनाच्या कारणाने भूक नाहीशी होणे असा होतो, आणि नाव चुकीचेच पडले आहे असे डॉक्टरबाई म्हणाल्या. भूक कुठेही गेलेली नसते, भुकेने जीव व्याकूळ असतो, पण खाण्याची भीती भुकेपेक्षा मोठी झालेली असते. मनाच्या आजारांत ज्यांनी माणसे दगावतात त्यांत हा वरच्या पायरीवर आहे, हेही त्यांनी लपविले नाही. तेव्हा माझ्या मनातून 'फॅशन' हा शब्द कायमचा गेला.

त्यांनी तिला निजवून नाडी पाहिली, उभी करून पाहिली. रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला. मग म्हणाल्या, "आज तरी हिला दाखल करायला नको. दर आठवड्याला ओपीडीत आणा. पण एक लक्षात घ्या, मी तुम्हाला आठवड्यातून एक तास भेटणार. राहिलेला आठवडा हा वॉर्ड तुम्ही चालवायचा आहे."

भगिनींनो, आजचे माझे भाषण या एका वाक्याबद्दल आहे. बाह्यरुग्ण म्हणून इलाज याचा अर्थ आजार किरकोळ आहे, असा आम्ही समजून घेतला होता. खरा अर्थ असा, की रुग्णालय उचलून आपल्या स्वयंपाकघरात आणून ठेवले जाते. परिचारिका आपण, औषध आपल्या हातचे, आणि भेटीला येणारी मंडळी म्हणजे शेजारीपाजारी.

आधी हे सांगते, की असे घरच्यांवर सोपविणे पूर्वीपासून चालत आलेले नाही. या आजाराचे वर्णन 1873 साली लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी जवळजवळ एकाच वेळी केले. गलसाहेबांचे मत असे, की अशा मुलीची शुश्रूषा करायला तिचे नातेवाईक सर्वांत निकामी. मुलीला घरापासून दूर ठेवावे, हाच रिवाज पुढे कित्येक वर्षे चालला. आईबापांनीच हिला बिघडविले असेही म्हणत. मग लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयात 1980 नंतरच्या काळात डॉक्टरांनी उलट करून पाहिले : आईबापांना दोष देण्याऐवजी त्यांनाच कामाला लावले. 1987 साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. ज्या मुलींचा आजार एकोणिसाव्या वर्षाच्या आत सुरू झाला होता आणि तीन वर्षांपेक्षा जुना नव्हता, त्यांना एकटीशी बोलत बसण्यापेक्षा कुटुंबासह केलेल्या उपचाराने अधिक गुण आला. आज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींसाठी जगभर हीच पद्धत पहिली मानतात. त्यात बसतील असे आजी-आजोबा, आत्या, काकू मात्र लंडनपेक्षा आपल्याकडे अधिक. ही आपली जमेची बाजू. कधी खर्चाचीही, ते पुढे सांगते.

दुसऱ्या भेटीला डॉक्टरबाईंनी जेवणाचा डबा घेऊन बोलाविले. सगळ्यांनी यायचे आणि तिथेच जेवायचे. मला हे विचित्र वाटले. दवाखान्यात कोणी जेवते का? सूनबाईंनी पोळी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, दही असे नेले. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आम्ही जेवायला बसलो. मुलीने पोळीचे मुगाएवढे तुकडे केले आणि ते ताटात इकडून तिकडे फिरवीत राहिली. मी सवयीप्रमाणे सुरू केले, "बाळ, थोडं खा गं, तुझ्यासाठी नाही तर माझ्यासाठी खा, बघ तुझी आई कशी झाली आहे..." डॉक्टरबाईंनी मला थांबविले. "आजी, विनवू नका. आजार वकिलासारखा असतो, तुम्ही जितकं बोलाल तितका युक्तिवाद करील. वाढा, शेजारी बसा, आणि 'हे खायचं आहे' एवढंच म्हणा." त्या दिवशी ठरले होते की तिची तयारी आहे त्यापेक्षा फक्त एक घास अधिक तिने खायचा. त्या एका घासाला चाळीस मिनिटे लागली. ती रडली, तिची आई रडली, चिरंजीव उठून बाहेर जाऊन आले. पण घास गेला. रिक्षात परतताना कोणी कोणाशी बोलले नाही.

तिची अशी अवस्था का झाली, हे डॉक्टरबाईंनी आम्हाला एका प्रयोगावरून समजावून दिले. तो मी सांगते, कारण त्याने आमच्या घरातील निम्मी भांडणे मिटली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे शिकण्यासाठी हा खटाटोप होता. या तरुणांना मनाचा काही आजार नव्हता, आरशाचे वेड नव्हते. पण वजन चौथ्या हिश्शाने उतरले तसे ते चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना माणसे नकोशी झाली. उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. ते पाककृतींची पुस्तके गोळा करून वाचीत बसत, समोरचे अन्न कालवीत तासन् तास घालवीत. हे ऐकताना सूनबाईंनी माझा हात घट्ट धरला. तो स्वेटर, त्या शेंगाच्या पोळ्या, ते मुगाएवढे तुकडे! आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, त्यातला पुष्कळसा भाग उपासमारीचा होता. तेव्हा आधी पोट भरायचे, मनातले गुंते पोट भरल्यावर सोडवायचे, हा क्रम त्यामुळेच आहे. उपाशी मेंदूला उपदेश पोचत नाही. अ‍ॅनोरेक्सियावर गुणाची अशी एखादी गोळीही नाही. अन्न हेच औषध, आणि ते ठरल्या वेळी.

आता घरातला वॉर्ड कसा चालला ते सांगते. दिवसाला तीन जेवणे आणि तीन वेळचे मधले खाणे. वेळा भिंतीवर लिहून लावल्या. ताट वाढायचे ते सूनबाईंनी किंवा मी. तिने स्वयंपाकघरात यायचे नाही. शेंगाच्या पोळ्या करणे बंद, हे तिला सर्वांत जड गेले. वरण-भातावर तूप, भाकरीबरोबर कूट घातलेली भाजी, दूध सायीसकट. वजनकाटा घरातून काढून टाकला. वजन दवाखान्यात, आठवड्यातून एकदा. जेवताना शेजारी एकजण बसायचे आणि जेवणाविषयी सोडून इतर कशावरही बोलायचे. जेवल्यावर तासभर तिला एकटी सोडायची नाही, न्हाणीघरातही लगेच जाऊ द्यायचे नाही, कारण पुष्कळ मुली खाल्लेले ओकून टाकतात. त्याने रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाला धोका होतो. त्या तासात आम्ही पत्ते खेळलो. मी पन्नास वर्षांत खेळले नव्हते इतके पत्ते त्या चार महिन्यांत खेळले. साड्यांना फॉल लावले. पुढे पुढे तर शेजारणींच्याही साड्या मागवून आणल्या. त्यांना वाटले, आजीबाईंनी धंदा काढला!

सगळे सुरळीत झाले असे समजू नका. एके दिवशी तुळशीच्या कुंडीला मुंग्या का लागल्या म्हणून पाहिले, तर मातीखाली आठवड्याचे लाडू पुरलेले. मी संतापाने थरथरले. हात उगारला नाही एवढेच. डॉक्टरबाईंनी शिकविले होते, की मुलगी वेगळी आणि आजार वेगळा, असे स्वतःला बजावीत जा. "हे तू केलं नाहीस, तुझ्या आजारानं केलं. आता दुसरा लाडू आण." असे म्हणायचे. म्हणायला सोपे आहे. त्या दिवशी मी ते दात आवळून म्हटले. एकदा तिने ताट भिरकावले. वरण भिंतीवर, आमटी ह्यांच्या धोतरावर. ह्यांनी भिंत पुसली, सूनबाईंनी तेवढेच पुन्हा वाढून आणले, आणि ती जेवली.

सर्वांत कठीण होते ते घरात एक सूर ठेवणे. आई नाही म्हणे त्याला आजी हो म्हणे, आणि त्या फटीतून आजार बाहेर पळे. मी गुपचूप "अर्धी टाक, मी आईला सांगत नाही" असे दोनदा केले. त्या दोन्ही आठवड्यांत काटा खाली आला. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे फक्त पाहिले. मघाशी घरात माणसे जास्त ही खर्चाची बाजूही आहे म्हणाले, ते हेच.

आणि भेटीला येणारी मंडळी! तीन महिन्यांनी तिच्या गालांवर थोडा रंग आला तेव्हा एक पाहुणीबाई प्रेमाने म्हणाल्या, "अग्गंबाई, भरलीस की छान!" त्यांच्या मनात चांगलेच होते. ती मात्र दोन दिवस जेवली नाही. पहिला घास घ्यायला चाळीस मिनिटे लागली होती, ते सगळे त्या एका कौतुकाने दोन दिवस मागे गेले. बारीक झालीस म्हटले तरी तेच, जाड झालीस म्हटले तरी तेच. हळदीकुंकवाला आलेल्या मुलीशी आपल्याला तिच्या अंगकाठीखेरीज बोलायला विषयच नाही का, असे मला तेव्हापासून वाटते. तिला विचारावे, काय वाचतेस, परीक्षा कधी, मैत्रीण कशी आहे.

चार महिन्यांनी वजन बरेच सावरल्यावर दुसरा टप्पा आला : खाण्याचा ताबा थोडा थोडा तिच्याकडे परत देणे. आधी संध्याकाळचे खाणे तिने स्वतः घ्यायचे, मग कॉलेजचा डबा मैत्रिणींबरोबर. दिवाळीत पाऊल घसरले, पुन्हा दोन महिने आम्ही वाढायला लागलो. आता सव्वा वर्ष झाले. ओपीडी दर आठवड्याची होती ती पंधरवड्याची झाली, आता महिन्याची आहे, आणि तिथे ती अधिक वेळ एकटीच बोलते. पाळी परत आली. स्वेटर ट्रंकेत गेला. पूर्ण बरी झाली असे मी म्हणत नाही. पुरणपोळीकडे ती अजून परीक्षेच्या पेपरासारखी पाहते. पण खाते.

ही झाली एक तऱ्हा. दुसरीविषयी थोडे सांगते, कारण ती आपल्या वयाच्या बायकांत पुष्कळ असते. ओळखीच्या एक बाई दिवसभर "डाएट" करीत आणि रात्री घर निजले की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डबेच्या डबे संपवीत. मग पश्चात्ताप, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक उपास. त्यांना वाटे आपल्याला जिभेवर ताबा नाही. अशा वेळी काही जणी ओकून टाकतात, त्याला बुलिमिया म्हणतात. 1979 साली डॉ. जेराल्ड रसेल यांनी त्याचे नाव ठेवले. मॉडस्लीचा तो 1987 चा निबंध लिहिणाऱ्यांत हेच होते. याचा इलाजही ओपीडीतच होतो. ऑक्सफर्डच्या डॉ. फेअरबर्न यांनी बसविलेल्या पद्धतीत साधारण वीस बैठका असतात. पहिले काम काय, तर काय खाल्ले आणि तेव्हा मनात काय होते हे खाल्ल्याबरोबर लिहून ठेवणे, आणि तीन-चार तासांपेक्षा अधिक वेळ पोट रिकामे न ठेवणे. रात्रीचा हल्ला दिवसाच्या उपासातून येतो, तेव्हा दिवसा जेवले की रात्रीचा जोर ओसरू लागतो. त्या बाई मला म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला कमी खा म्हणण्याऐवजी वेळेवर खा म्हणालं." मुलग्यांनाही हे आजार होतात. व्यायामशाळेच्या नावाखाली ते झाकले जातात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. प्रत्येक मुलगी "मी जाड आहे" म्हणेलच असे नाही. दिल्लीच्या 'एम्स'मधील डॉक्टरांनी 1995 साली पाच तरुण स्त्रियांची हकीगत छापली. त्यांचे जेवण सुटले होते, उलट्या होत, वजन उतरले होते, पाळी थांबली होती, पण लठ्ठपणाची ती ठळक भीती पुस्तकात लिहिली तशी दिसत नव्हती. आपल्या मुली पुष्कळदा "पोट जड वाटतं, गॅस होतो, घशाखाली उतरत नाही" असेच म्हणतात, आणि आपण ओवा-हिंग देत बसतो. चरकसंहितेत अरोचकाच्या कारणांत शोक, भय आणि क्रोध सांगितले आहेत. मनाचे आणि अन्नाचे नाते आपल्या वैद्यांना नवे नव्हते.

ओपीडी सर्वांना पुरते असेही नाही. मुलीला घेरी येत असेल, नाडी फार मंद झाली असेल, पाणीही जात नसेल, ओकाऱ्या थांबत नसतील, वजन भराभर उतरत असेल, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल, तर आठवड्याची वाट न पाहता दाखल करावे. आणि फार दिवसांच्या उपाशी मुलीला घाबरून एकदम पोटभर खाऊ घालू नये. अशाने रक्तातले फॉस्फरस एकाएकी घटून प्राणावर बेतते. महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांत हे पाहण्यात आले होते. किती आणि कसे वाढवायचे ते डॉक्टरांनी सांगावे.

कुठे जावे? आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे केसपेपर काढून दाखविता येते. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था थेट गाडीच्या वाटेवर आहे. आणि घरातून उठवत नसेल तर 'टेली-मानस'चा 14416 हा दूरध्वनी क्रमांक 2022 सालापासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीही कोणीतरी बोलते, मराठीतून बोलता येते. विमा असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे, की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच विम्याचे संरक्षण द्यायला सांगितले आहे. आम्हाला हे माहीत नव्हते. पाटीखाली कोणी पाहील याची काळजी करता करता आमचे दोन महिने गेले. पुढे त्याच पाटीखाली आम्हाला ओळखीची तीन घरे भेटली. कोणीच कोणाला "इकडे कुठे?" असे विचारले नाही.

आता ती वही. उपचाराच्या सहाव्या-सातव्या महिन्यात तिने ओपीडीत सांगितले, की रविवारी आपणा सर्वांची वजने मांडताना ती शेवटच्या पानावर स्वतःचेही मांडीत असे, शिसपेनने, बारीक अक्षरात. स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा पहिले बक्षीस कोणाला, हे आपण टाळ्या वाजवून जाहीर केले. खरी पहिली तिथे खुर्च्या आवरीत होती. वही माझ्याच कपाटात होती. मी ती उघडून पाहिली. पान आहे.

यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत नवरात्रापासून तीच स्पर्धा पुन्हा घातलेली मी पाहिली. कार्यकारिणीत मी नाही, त्यामुळे ठराव मांडण्याचा अधिकार मला नाही. ज्यांना रक्तातली साखर किंवा सांधेदुखी यासाठी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले आहे त्यांनी ते जरूर उतरवावे, त्याला टाळ्यांची आणि फलकाची गरज नाही. त्या रविवारी हवे तर आपण भाकरी थापण्याची स्पर्धा घेऊ. परीक्षक म्हणून मी येईन आणि नातीलाही विचारीन. वही मी आज बरोबर आणली आहे, पिशवीत आहे. ती मंडळाच्या दप्तराची आहे, तेव्हा मी परस्पर फाडली नाही. सभा संपल्यावर अध्यक्षीणबाईंच्या हाती देते.